जीपचा सव्वा महिना

गयाबाई चांगली बाई होती असं मी म्हणणार नाही. कामाची होती. आमच्या गावात तिच्या हाताखालून न गेलेलं अंग सापडणं कठीण, आणि तिच्या तोंडातून सुटलेलं माणूस तर नव्हतंच. वडनेरच्या अलीकडे नाल्याकाठी आमचं गाव. तिचं दार माझ्या दारासमोर. सकाळी दार उघडलं की आधी तिचंच तोंड दिसायचं. आपला दिवस कसा जाईल ते त्यावरून कळत नसे, पण तिच्या तावडीत सापडणाऱ्याचा कसा जाणार ते कळायचं.

बाळंतिणी आणि त्यांची लेकरं चोळायची, शेकायची हे तिचं काम. बाळंतपण दवाखान्यात होवो की घरात, नंतरचा सव्वा महिना गयाबाईचा. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओवा-बाळंतशेपांची धुरी, कानाला घट्ट फडकं, उशाशी लोखंडाचा तुकडा, आणि दारात ती स्वतः. तिच्या मते बाळंतीण म्हणजे सगळी दारं उघडी राहिलेलं घर. वारा शिरला की संपलं. पोरगी नुसती उठून बसली तरी ती ओरडायची, "कायची घाई हाय तुले? संसार कुठं पळून चालला का?"

सरपंचाची सून बाळंत झाली तेव्हा सरपंचांचं कपाट तिच्याच खोलीत होतं, आणि ग्रामपंचायतीचा शिक्का त्या कपाटात. गयाबाईनं सव्वा महिना सरपंचांना आत पाऊल टाकू दिलं नाही. फार गयावया केली तेव्हा खिडकीतून हाताला लागला तो डबा दिला. त्यात सुपाऱ्या निघाल्या.

"गया, माह्याच घरात मलेच मनाई?" सरपंच बाहेरून म्हणाले.

"घर तुमचं हाय. बाळतीन माही हाय."

त्या महिन्यात कोणाला दाखला मिळाला नाही.

शेक ही गोष्ट फक्त बाईमाणसासाठी असते असंही तिला वाटत नसे. आमच्या घरचा रेडिओ हौदात पडला. माझे मालक तोंड पाडून बसले. गयाबाई म्हणाली, आणा इकडं. तिनं तो सुपात ठेवून शेकला, ओव्याची धुरी दिली, फडक्यात गुंडाळून ठेवला. रेडिओ बोलायला लागला, नाही असं नाही. पण त्यानंतर काटा कुठंही फिरवा, तेलुगूच लागायचं. मालक शेवटपर्यंत तेलुगू बातम्या ऐकत राहिले. कळत काही नव्हतं. मी तक्रार केली तर गयाबाई म्हणाली, "बोलते ना? मंग झालं. काय बोलते ते पाहनं माहं काम नाई."

तिचा नवरा कारंजा घाडग्याच्या एका ढाब्यावरून ट्रकवर क्लीनर म्हणून चढला, तो उतरलाच नाही. तेव्हा मुलगा, सुधाकर, रांगत होता. जातो म्हणूनही नवरा बोलला नव्हता. मेल्याची खबर नाही, जगल्याची नाही. बाया म्हणत, गयाबाई, कुंकू तरी पुसा आता. ती म्हणायची, "मुडदा आना, पुसते." आणि रोज सकाळी आधीपेक्षा मोठं लावायची.

सुधाकर मोठा झाला आणि त्यालाही गाड्यांचंच वेड लागलं. गयाबाईनं डोकं चालवलं. सिंदी मेघेच्या एका माणसाकडून जुनी जीप घेतली, ती काळीपिवळी करून घेतली, आणि सुधाकरला वडनेर-हिंगणघाट सवाऱ्या मारायला लावलं. जायचं आणि यायचं, संध्याकाळी घरी जेवायला. ती जीप म्हणजे सुधाकरच्या पायातला दोर होता, आणि ते त्या दोघांनाही ठाऊक होतं. कारंजाचा एक ट्रकमालक त्याला बोलवत होता. तो काही बोलायचा नाही, पण हायवेवरून ट्रक गेला की जेवता जेवता त्याचा घास थांबायचा. गयाबाई त्याच्या ताटात आणखी भाकर टाकायची.

नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. एका पावसाळ्यात नाला गावात शिरला. आम्ही सगळे शाळेच्या गच्चीवर जाऊन बसलो. जीप शाळेखालच्या मैदानात उभी होती. पाणी चाकांवर चढलं, बॉनेटवर चढलं, स्टेअरिंग बुडालं. मग दिसत होतं ते फक्त टप, आणि टपावर रामाजी तेल्याची बकरी. ती कशी चढली ते तिलाच ठाऊक. रामाजी गच्चीवरून तिला हाका मारत होता आणि ती आमच्याकडे पाहून रवंथ करत होती.

पाणी उतरलं. जीपमध्ये बोटभर गाळ, कोणाचा तरी पाट आणि दोन मेलेले मासे. गावातले सगळे पुरुष भोवती जमले. घरात चूल पेटायची होती, धान्य भिजलं होतं, पण पुरुषाला पुरात बुडालेली गाडी दिसली की दुसरं काही दिसत नाही. प्रत्येकजण एकच सांगत होता.

"एक डाव चावी मारून पाह्य ना गा."

"डिझेलची हाय, काई होत नाई तिले. मार सेल."

"धक्का मारू का?"

सुधाकरनं चावी मारली नाही, एवढी त्याला अक्कल होती. तो चिखल तुडवत हिंगणघाटला रफिक मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीच्या दारात बुडालेल्या गाड्यांची रांग लागलेली. त्यानं मान वर न करता सांगितलं ते सुधाकरनं येऊन सांगितलं. बॅटरीचे तार काढून टाक. चावीला हात लावू नको, धक्का मारू नको. इंजनात पाणी असलं आणि ते फिरवलं तर आतला रॉड वाकतो, मग गाडी भंगारात. मी पाळीपाळीनं येतो, तोवर तशीच राहू दे.

गयाबाईनं ऐकून घेतलं. "म्हंजे आत पानी हाय. उठवाचं नाई, चालवाचं नाई. कोनी हात लावाचा नाई."

"हो."

"हे मले कायले समजावून राह्यला? हे तं मले येते."

आणि तिनं जीपला बाळंतीण धरलं.

बॅटरीचे तार काढायचे होते तर पाना आधी उकळत्या पाण्यातून काढायला लावला. सुधाकर म्हणाला, माय, पान्याले काय होते? ती म्हणाली, नाळ काय मळक्या हातानं कापतेत का? धक्का मारायचा नव्हता, म्हणून जीप बैल जुंपून, गियर सोडवून, सावकाश आमच्या गल्लीत आणली. मग न्हाऊ घातलं. आतून बाहेरून, हळद लावून. गाळ निघाला तो चांगला चिकट होता, वाया का घालवायचा म्हणून त्यानं गोठ्याची भिंत लिंपून घेतली. सीटा काढून उन्हात घातल्या. मागचं धुराचं नळकांडं आणि पुढचं हवेचं तोंड दोन्हीकडे लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, कारण वारा कानातूनच शिरतो. इंजनाखाली शेगडी सरकवली. उशाशी लोखंड ठेवायचं, पण ही पडली सगळीच लोखंडाची. गयाबाई थोडा वेळ विचारात पडली. मग तिनं ड्रायव्हरच्या जागी लाकडी पाट ठेवला.

मी म्हटलं, "गया, लोक हासून राह्यले."

"हासू दे. त्यायच्या बायका माह्याच हातच्या हायेत."

ते खरं होतं. थोड्याच दिवसांत बाया येऊन विचारायला लागल्या, कशी आहे. एकीनं तर सवयीनं डिंकाचे लाडू आणले. ते सुधाकरनं खाल्ले.

मग विम्याचा साहेब आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कॅमेरा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्यानं गल्लीत येऊन जीपभोवती एक फेरी मारली. जीप चकचकीत, बॉनेटवर हळदीची बोटं, खालून ओव्याचा धूर.

"पुरात बुडालेली गाडी कुठं आहे?"

"हेच हाय."

"ही?" तो म्हणाला. "मावशी, आधी आम्हाला कळवायचं असतं. गाडी जशी आहे तशी ठेवायची, चिखलासकट. आम्ही फोटो काढतो, मग धुवायची. आता मी काय फोटो काढू? ही तर लग्नाला निघालीय."

"तुमी येईपरेंत बाळतीन चिखलात ठेवू?"

साहेबानं सुधाकरकडे पाहिलं. सुधाकरनं आभाळाकडे पाहिलं.

"बरं, चिखल कुठं टाकला?"

गयाबाईनं गोठ्याची भिंत दाखवली. साहेबानं भिंतीचा फोटो काढला. मग विचारलं, पाणी कुठपर्यंत होतं? यावर गल्लीत भांडण लागलं. कोणी काच म्हणालं, कोणी टप म्हणालं. रामाजी तेली पुढं आला. म्हणाला, पाणी बरोबर कुठवर होतं ते माह्या बकरीले ठाऊक. तिचे खूर भिजले होते, गुडघे नाही. साहेबाला हे समजायला वेळ लागला. तेवढ्यात दोघांनी बकरी उचलून टपावर ठेवलीसुद्धा. पुराच्या दिवशी तासन् तास शहाण्यासारखी उभी राहिलेली बकरी त्या दिवशी मात्र क्षणभर उभी राहीना. रामाजी खालून तिचे पाय धरून, साहेब कॅमेरा धरून, गयाबाई ओरडते आहे की टपाला ओरखडे पडतील. तो फोटो साहेबानं काढला. त्याच्या हापिसात तो बघून लोक काय म्हणाले असतील देव जाणे. विम्याचं पुढं जे व्हायचं ते झालं, सावकाश झालं. पण जाताना तो मला म्हणाला, "काकू, या बाईंना सांगा, गाडीखाली विस्तव ठेवू नये."

मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तो गेला.

मिस्त्री मात्र येत नव्हता. गयाबाईला घाई नव्हती, सुधाकरला होती. एके दुपारी ती वडनेरला कोणाचं लेकरू चोळायला गेली. मी अंगणात डाळ निवडत होते. सुधाकर आणि त्याचे तीन दोस्त आले. शेगडी बाजूला सारली, चिंध्या उपसल्या, पाट फेकला, आणि जीप ढकलत गल्लीतून मोठ्या रस्त्याकडे निघाले. धक्क्यावर गाडी सुरू करायची होती. मी म्हटलं, "सुधाकर, मिस्त्री काय म्हने?" तो म्हणाला, "काकू, तुमी डाळ पाहा."

जीप उताराला लागणार तेवढ्यात समोरून गयाबाई आली. हातात तेलाची बाटली. तिनं पाहिलं, बाटली कडेला नीट ठेवली, आणि रस्त्याच्या मधोमध मांडी घालून बसली. दोस्तांनी जीप धरून ठेवली.

"माय, उठ."

"चालव ना. सुरू कर. आंगावून ने."

"माय, लोक पाहून राह्यले."

"पाहूच दे. रॉड वाकते म्हने ना? मंग काऊन ढकलतं?"

सुधाकर स्टेअरिंगवरून खाली उतरला. त्याला मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. "वाकू दे! वाकला तं वाकला! सुरू झाली तं झाली, नाई तं भंगारात जाऊ दे. एक काईतरी होऊ दे, माय. कारंजाचा मालक कितीक थांबन माह्यासाठी? मी या डबड्यापाशी किती दिवस बसू?"

 एक दोस्त चप्पल शोधायला लागला, जी त्याच्या पायातच होती.

गयाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "म्हंजे तुले गाडी सुरू नाई कराची. मोडाची हाय."

त्यानं चाकाला एक लाथ मारली.

"सव्वा महिना दे मले. मिस्त्री येऊन जाऊ दे. त्याच्यानंतर सुरू नाई झाली तं जाय कारंजाले. म्या अडवन नाई. झाली तं घरीच राह्यजो."

"शब्द?"

"शब्द."

जीप मागं ढकलत आणली. गयाबाईनं पाट पुन्हा जागेवर ठेवला, चिंध्या पुन्हा कोंबल्या, आणि बाटली घेऊन वडनेरच्या लेकराची आजी किती कंजूस आहे ते मला सांगत बसली. बाटलीचं बूच मात्र तीनदा लावूनही बसेना. म्हातारपण, दुसरं काय. तेव्हा ती म्हातारी नव्हती.

दोन दिवसांनी रफिक मिस्त्री आला. हा माणूस शांत होता, पण जीप पाहून त्यानं टोपी काढली.

"ये कान कायले बांधले हिचे?"

"वारा शिरते."

"अम्मा, वाराच तर पाहिजे! सब खोल के सुखाना पडता. आणि हा पाइप किसने जलाया? वायरी पन शिजल्या."

"शेक देल्ला."

"किसको?"

"तुमच्या इंजनाले."

मिस्त्रीनं बाह्या दुमडल्या. मग कामाला लागला. खालचा नट सोडला तर इंजनातलं ऑईल दुधाच्या चहासारखं निघालं. वरचे नोझल काढले आणि हातानं इंजन फिरवलं तर भोकांतून गढूळ पाणी कारंज्यासारखं उडालं, थेट सुधाकरच्या तोंडावर. मिस्त्री म्हणाला, "देखा? धक्का मारला असता तर खतम." सुधाकरनं तोंड पुसलं.  त्या दिवशी गयाबाई मला जरा जास्तच उंच वाटली. पण मिस्त्रीनं लगेच जळलेले पाइप आणि वायरी तिच्या पुढ्यात टाकल्या, तेव्हा पुन्हा होती तेवढीच झाली.

त्यानं आत नवं ऑईल घातलं, डिझेलची टाकी धुतली, डायनामो आणि इंजन सुरू करणारा सेल काढून हिंगणघाटला नेले. शेगडी बंद करा म्हणाला. सगळं उघडं ठेवा म्हणाला. या उघडं ठेवण्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. शेवटी असं ठरलं की दिवसा मिस्त्रीचं ऐकायचं आणि दिवेलागणीला गयाबाईचं. बाकीचे दिवस जीप रोज सकाळी तोंड उघडायची आणि सांजच्याला कान बांधून झोपायची. सुधाकर ओट्यावर बसून ते पाहायचा. कारंजाला जायची पिशवी त्यानं भरून खुंटीला लावली होती, आणि गयाबाई रोज तिच्यावरची धूळ झटकायची.

सव्वा महिना झाला त्या दिवशी मिस्त्री सामान घेऊन आला. सगळी गल्ली गोळा. रामाजी बकरी घेऊन आला, का ते विचारू नका. मिस्त्रीनं सगळं बसवलं, बॅटरी जोडली, सुधाकरला म्हणाला, "मार."

सुधाकरनं चावी फिरवली. एकदा घरघर. दुसऱ्यांदा घरघर. गयाबाईचे ओठ मिटलेले. तिसऱ्यांदा जीप खोकली, काळा धूर सोडला, आणि धडधडायला लागली. लोकांनी टाळ्या पिटल्या. पोरं नाचली. मिस्त्रीनं टोपी घातली.

मी सुधाकरकडे पाहत होते. तो स्टेअरिंगला धरून बसला होता, तोंडावर हसू आणलेलं. शाळेच्या निकालात नापास झालेलं पोर दुसऱ्यांच्या पेढ्याकडे पाहून हसतं, तसं. आणि मी पाहत होते तसंच गयाबाईही पाहत होती.

"बंद कर," ती म्हणाली.

"काऊन? चांगली चालून राह्यली."

"बंद कर म्हनलं ना."

त्यानं बंद केली. 

"कारंजाले जाशीन का?"

"माय, शब्द देल्ला ना म्या."

"शब्द नाई इचारला म्या. जाशीन का म्हनून इचारून राह्यली."

सुधाकर खाली पाहत राहिला. मिस्त्री उगाच पाने पुसत होता.

"तुह्या बापानं सांगतलं नवतं," गयाबाई म्हणाली. "तू तं अजून इथंच बसून हाय. जाय. पन सांगून जाय. कोन्त्या गाडीवर, कोनच्या गावाले, कधी येशीन. सगळं सांग. मंग जाय."

"आन ही गाडी?"

"गावात ड्रायव्हर का कमी हायेत? उतर तिथून."

तो उतरला. तिथंच उभं राहून त्यानं सगळं सांगितलं, मालकाचं नाव, गाडी कुठून कुठं जाते, दिवाळीला येईन. ती मान हलवत ऐकत होती, जसं काही बाजाराचं सामान लिहून घ्यायचं आहे. दुसऱ्या दिवशी तो गेला तेव्हा ती निरोपाला थांबली नाही. कोणाच्या तरी घरी शेक द्यायचा होता. निदान ती तसं म्हणाली.

त्यानंतर तिनं बाळंतिणींचं काम हळूहळू सोडलं. ड्रायव्हर ठेवला आणि स्वतः जीपच्या पुढच्या सीटवर बसायला लागली. वडनेरच्या स्टँडवर "हिंगणघाट, हिंगणघाट" ओरडणारी बाई म्हणून लोक तिला ओळखायचे. पोटुशी बाई दिसली की पुरुषाला खाली उतरवून तिला जागा द्यायची, आणि कितवा महिना ते अख्ख्या गाडीसमोर विचारायची. वर्षं गेली. दोनहजार साल आलं, गेलं. सुधाकर दिवाळीला यायचा, कधी यायचा नाही, पण येणार नाही असं कळवायचा.

माझी लेक कारंजाला दिली आहे. तिच्याकडे महिनाभर राहायला निघाले तेव्हा गयाबाई म्हणाली, चाल, मीच सोडून देते, गाडीलाही लांबची हवा लागेल. अर्धा जिल्हा ओलांडून आम्ही गेलो. वाटेत सुधाकरचं नाव तिनं काढलं नाही, पण हायवेवरच्या ढाब्यापाशी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. सुधाकरचा ट्रक तिथं उभा होता. त्याला निरोप गेलेला असणार.

तो आला. अंगानं भरलेला, कानाशी पांढरा. "उतर ना माय, खाटेवर बस."

"नाई. मले वापस जाचं हाय."

त्यानं चहा आणून दिला, तो तिनं सीटवर बसूनच बशीत ओतून प्याला. तो उन्हात उभा.  मग कोणी न सांगता तो जीपच्या पुढं गेला आणि बॉनेटला हात घातला.

"गरम हाय, फडकं घे," ती आतून ओरडली.

मी परत येईपर्यंत गयाबाई राहिली नाही. झोपेत गेली म्हणतात. म्हणून ती मला दिसते ती त्या ढाब्यापाशीच. मी पिशवी उचलून लेकीच्या घराकडे चालायला लागले होते. मागं वळून पाहिलं. सुधाकरनं फडकं घेतलं नव्हतं. त्याला चटका बसला, तो हात झटकत नाचला, आणि ती, शिव्या देत, पदर खोचत, गाडीतून खाली उतरली.